आईची ज्वारी आणि गुलाबी कबूतर

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या बाल्कनीला जाळी बसवली त्याला आता चार वर्षं होतील. त्याआधी वीसेक वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी आई तिथे मूठभर ज्वारी टाकायची, पावसाळ्यात कठड्याच्या आतल्या बाजूला म्हणजे दाणे भिजायला नकोत, आणि गावाला गेली की शेजारच्या काकूंकडे ज्वारीचा डबा देऊन जायची. मग एका हिवाळ्यात तिचा खोकला जाईचना. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मध्येच उभी राहायला लागली. दोन-तीन डॉक्टर झाले, दमा म्हणून पंप दिला, शेवटी एका डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन काढायला लावला आणि रिपोर्ट बघता बघता विचारलं, घरात कबुतरं येतात का हो?

तर ते हे होतं. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाते, काही जणांचं शरीर तिच्याशी भांडत बसतं आणि फुप्फुसाला सूज येत राहते, फार काळ चाललं तर फुप्फुस कडक होऊन जातं. आईचं तेवढं पुढे गेलं नव्हतं, वेळेत कळलं. जाळी लावली, मी मास्क लावून बाल्कनी घासून काढली, ज्वारीचा डबा ओट्याखाली सगळ्यात मागे गेला. आईला आजाराचं एवढं वाईट वाटलं नाही जेवढं याचं वाटलं, की जाळी लावल्यावर पहिले आठ दिवस ती कबुतरं बाहेरून जाळीला धडकत होती. ती आत सोफ्यावर बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "अगं दाणे घातले म्हणून एवढं?" मला तेव्हा काहीच उत्तर सुचलं नव्हतं.

हे सगळं आधी सांगावं लागतंय कारण मला लिहायचंय ते मॉरिशसच्या गुलाबी कबुतराबद्दल, आणि ते मी बघितलं तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती.

बाबा गेल्यानंतर आई कुठेच गेली नव्हती. मॉरिशस ठरलं ते सोपं म्हणून, व्हिसाची कटकट नाही, समुद्र आहे, देवळं आहेत, शाकाहारी जेवण मिळतं. पण माझ्या मनात एक दिवस वेगळा राखून ठेवलेला होता, तो इल ओ एग्रेत या बेटासाठी. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर नावाचं गाव आहे, त्याच्यासमोरच्या खाडीत हे पिटुकलं बेट. नावाचा अर्थ बगळ्यांचं बेट. सगळं मिळून २६ हेक्टर, म्हणजे साधारण पासष्ट एकर, कोकणातल्या एखाद्या खोतांची आमराई असावी एवढं. गाईड घेऊनच जाता येतं, बोटीने पाचेक मिनिटं. तिथे ते कबूतर हमखास दिसतं असं वाचलं होतं. आईला मी फक्त "पक्षी बघायला जातोय" एवढंच सांगितलं. कबूतर हा शब्द मुद्दामच घेतला नाही.

बोटीतून उतरलो की लगेच खालचा दगड पायाला लागतो, प्रवाळाचा, भोकाभोकांचा, धारदार. माती जवळजवळ नाहीच. त्या दगडाच्या फटीफटीतून एबनीची झाडं उभी आहेत, आबनूस म्हणतो ना आपण, काळं लाकूड. फार उंच नाहीत, वाऱ्यामुळे वाकलेली, पानं जाड. आत शिरलं की समुद्राचा आवाज एकदम मागे राहतो. मी मोठाल्या जंगलाची अपेक्षा केली होती, आणि हे तर डोक्याच्या थोडंसंच वर गेलेलं रान होतं, पण पाच मिनिटं चालल्यावर लक्षात येतं की इथे आपल्या ओळखीचं एकही झाड नाही. मॉरिशसमध्ये बाकी सगळीकडे आंबा, फणस, वड, गुलमोहोर, ऊस, सगळं आपलंच वाटतं, आणि ते वाटतं कारण ते खरंच बाहेरून आलेलं आहे, आपल्यासारखंच. माणूस यायच्या आधीचं मॉरिशस बघायचं तर या असल्या तुकड्यांवर यावं लागतं. चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल सगळ्या देशात मिळून दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही.

आणि मग ते दिसलं. शोधावं लागलंच नाही. वाटेच्या कडेला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एका आडव्या फांदीवर बसलं होतं आणि आमच्याकडे बघत होतं.

गुलाबी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो भडक रंग येतो तो नाही. कोकम सरबतात कुणी फार पाणी घातलं तर जो रंग राहतो तो, डोक्यावर आणखी फिका, जवळजवळ पांढरट. पंख तपकिरी. शेपटी जांभ्या चिऱ्यासारखी तांबडी. पाय आणि चोच मात्र खरंच गुलाबी. आपल्या पारव्यापेक्षा जरा मोठं आणि जरा शांत, म्हणजे पारव्याची ती सतत मान हलवायची गडबड नव्हती. पायात रंगीत कड्या, एका पायात हिरवी आणि पांढरी.

आईने ओढणी नाकावर घेतली.

"कबूतर आहे ना हे?" ती म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरकली. मी हो म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, रागावून नाही पण विचारल्यासारखं, की मला इथे का आणलंस. मोकळ्या हवेत लांबून बघायला हरकत नाही, बंद जागेत, धुळीत जायचं नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. पण हे तिला आधी सांगायला हवं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

गाईड तिशीतला मुलगा होता. आईला मागे सरकताना बघून त्याला वाटलं ती घाबरली, तर तो हसला आणि म्हणाला, हे काही करत नाही, याला भीतीच माहीत नाही, हाच तर त्याचा प्रॉब्लेम आहे.

याबद्दल मी नंतर बराच विचार केला. मॉरिशसवर माणूस यायच्या आधी जमिनीवर चालणारा, पक्षी खाणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. लाखो वर्षं तिथल्या पक्ष्यांना झाडावर चढून अंडी खाणारं कुणी भेटलंच नाही. त्यामुळे घरटं कसं लपवायचं, कुणाला बघून उडायचं, हे शिकायची वेळच आली नाही. डोडोचं सगळ्यांना ठाऊक असतं पण डोडो हा कबुतरांच्याच घराण्यातला, हे माझ्या ओळखीत फार कुणाला माहीत नाही. २००२ साली डीएनए तपासून सिद्ध झालं की आज जिवंत असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर, आपल्या निकोबार बेटांवरचं. डच लोक १५९८ मध्ये याच इल ओ एग्रेतच्या आसपासच्या किनाऱ्याला लागले, आणि डोडोची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची. चौसष्ट वर्षं. एका आजीच्या आयुष्यात मावतील एवढी. मॉरिशसचं एक निळं कबूतर होतं, अंगावर निळा, पांढरा आणि लाल असे डच झेंड्याचे रंग म्हणून त्याला डच कबूतरच म्हणायचे, ते १८३० च्या दशकात संपलं. शेजारच्या रीयुनियन बेटावर गुलाबी कबुतराचा एक भाऊबंद होता, तोही गेला. फक्त मॉरिशसची म्हणावी अशी जी कबुतरं होती त्यातलं हे एकटं उरलं.

आणि तेही जवळजवळ गेलंच होतं. १९९०-९१ च्या सुमारास रानात किती उरले होते माहितीये? नऊ-दहा. नऊ-दहा हजार नाही. आमच्या बाल्कनीत एका सकाळी याच्या चौपट पारवे उतरायचे.

हे असं का झालं ते सांगायचं तर एक कुणी आरोपी सापडत नाही. आधी जंगल तुटलं, डचांनी एबनीसाठी तोडलं, फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी उसासाठी. हे खरं तर वरच्या पठारावरच्या ओल्या जंगलातलं पाखरू, तिकडचे लोक त्याला पिजाँ दे मार म्हणतात, मार म्हणजे पाणथळ डबकी. त्या पठारावरचं उरलंसुरलं रान १९७० च्या दशकात पाइनच्या लागवडीसाठी साफ केलं गेलं. त्यात १९७५ ला जर्व्हेझ नावाचं चक्रीवादळ आलं. वादळात पक्षी मरतात ते वेगळंच, पण वादळ झाडांवरची फुलं, फळं, कळ्या सगळं ओरबाडून नेतं, आणि मागे राहिलेल्यांना खायला काही नसतं. जंगल मोठं असतं तेव्हा पक्षी दुसऱ्या खोऱ्यात जातात. इथे दुसरं खोरंच नव्हतं. आणि जे घरटं करत होते त्यांची अंडी जहाजांतून आलेले उंदीर खात होते, डच-पोर्तुगीज काळात आलेली माकडं खात होती, जमिनीवर दाणे टिपायला उतरलं की मांजर होतं आणि मुंगूस होतं. मुंगूस १९०० साली भारतातून नेलं, उंदीर मारायला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रां बासँला गेलो, गंगा तलाव म्हणतात त्याला तिकडे, महाशिवरात्रीला सगळा देश चालत जातो अशी जागा. तिथे देवळाच्या आवारात माकडंच माकडं. आईने प्रसादाचं केळं हातात धरलं होतं ते एकाने अलगद काढून नेलं आणि आईला त्याचं कौतुक वाटलं, म्हणाली हनुमानाने घेतलं. हे तेच माकड, लांब शेपटीचं, आग्नेय आशियातलं. त्या तलावापासून गुलाबी कबुतराचं जंगल अगदी जवळ आहे. मी आईला हे सांगितलं नाही. तिच्या त्या आनंदात काही चूक नव्हती, आणि माकडाचीही नव्हती, त्याला कुणीतरी जहाजातून आणलं.

पण मला सांगायचंय ते सुगी नावाच्या झाडांबद्दल. शेवटची ती दहाएक पाखरं जिथे घरटी करत होती ती जागा म्हणजे मूळचं जंगल नव्हतंच. ती होती जपानी देवदाराची, सुगीची, बाहेरून आणून लावलेली एक छोटीशी राई. तिला नावच पडलं पिजन वुड. तिथे का, तर त्या झाडांना खाण्यासारखं काही लागत नाही, म्हणून माकडं आणि उंदीर तिकडे कमी फिरकायचे, आणि फांद्या इतक्या दाट की आतलं घरटं दिसत नाही. खायला जायचं मूळच्या झाडांवर आणि अंडी द्यायला यायचं परक्या झाडांत. ज्या पाखराला लपणं माहीतच नव्हतं त्याने लपायला जागा शोधली, किंवा असं म्हणू की जी बाकी ठिकाणी घरटी करत होती ती राहिली नाहीत आणि इथली राहिली. ओली, थंड, सतत पावसाची जागा. तिथेही उंदीर पोचतच होते, मग माणसं रोज तिथे जाऊन उंदीर मारायला लागली, घरटी राखायला लागली. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती राई जात नाही. एका आख्ख्या जातीचं घर म्हणजे दुसऱ्याच देशातल्या झाडांचा एक पुंजका.

यात कार्ल जोन्स या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. वेल्सचा हा माणूस १९७९ मध्ये मॉरिशसला आला, तिथला पक्षी वाचवायचा प्रोजेक्ट बंद करायच्या तयारीनेच त्याला पाठवलं होतं असं सांगतात, आणि तो राहिलाच. तिथल्या ससाण्याची, मॉरिशस केस्ट्रेलची, १९७४ मध्ये रानात फक्त चार पाखरं माहीत होती. ते वाचलं, तिथला हिरवा पोपट वाचला, आणि हे कबूतर वाचलं. गेराल्ड ड्युरेल १९७६ ला येऊन काही कबुतरं पिंजऱ्यात वाढवण्यासाठी घेऊन गेले होते, जर्सी बेटावरच्या त्यांच्या प्राणिसंग्रहालयात, आणि मॉरिशसमध्येही पैदास सुरू झाली. पण पिंजऱ्यातली जोडपी अंडी नीट उबवत नव्हती, पिल्लं नीट भरवत नव्हती. मग काय केलं, तर पाळीव होले आणले. आपल्याकडे गळ्याला काळी रेघ असलेला होला असतो ना, त्याच्या जवळच्या नात्यातली पाळीव जात. गुलाबी कबुतराची अंडी उचलून त्यांच्याखाली ठेवायची. होल्याने ती आपली समजून उबवायची. इकडे अंडी गेली म्हणून गुलाबी मादी पुन्हा अंडी घालायची. चौदा दिवसांनी पिल्लू बाहेर आलं की होला त्याला दूध पाजायचा.

दूध म्हणजे खरंच दूध. कबुतरांच्या गळ्यात जी पिशवी असते तिच्या आतल्या अस्तरातून पिल्लं जन्मायच्या वेळेला दह्यासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, नर आणि मादी दोघांच्याही, आणि पहिले काही दिवस पिल्लू फक्त त्याच्यावर जगतं. चोच आईच्या किंवा बापाच्या चोचीत घालून. हे गाईड त्या फांदीखाली उभा राहून सांगत होता आणि मी आईसाठी मराठीत करत होते. बापाच्याही गळ्यात दूध येतं, या वाक्याला आईने नाकावरची ओढणी खाली केली. तिने ती परत वर घेतली नाही, मी लक्ष ठेवून होते.

मग तिने गाईडला विचारलं, "खातात काय हे?"

तो म्हणाला पानं, कळ्या, फुलं, फळं, बिया, सगळं इथल्याच मूळच्या झाडांचं, पण पुरत नाही. विशेष करून त्यांच्याकडचा हिवाळा संपता संपता, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, रानात काहीच नसतं. म्हणून आम्ही दाणे घालतो. आणि त्याने झाडीत एका बाजूला हात केला, तिथे फीडर होता, खांबावर बसवलेला, वर छप्पर, दुसऱ्या पक्ष्यांना सहज शिरता येऊ नये असा केलेला. गहू आणि मका.

"रोज?" आईने विचारलं.

"रोज," तो म्हणाला.

आईने माझ्याकडे बघितलं. मी ती नजर कुठल्या शब्दांत सांगू कळत नाही. वीस वर्षं जे केलं ते चूक होतं असं तिला चार वर्षं सगळे सांगत होते, डॉक्टर, सोसायटीची नोटीस, टीव्हीवर दादरच्या कबुतरखान्याचा २०२५ मधला तो सगळा वाद, कोर्ट, ताडपत्र्या, आणि हो, मी पण. आणि इथे सात समुद्रापार एक मुलगा सांगत होता की आम्ही मूठभर दाणे घातले नाहीत तर हे पाखरू राहणार नाही.

पण तो पुढे जे बोलला ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि आईनेही ते नीट ऐकलं. तो म्हणाला, दाण्यांनीच ते आजारी पण पडतात. ट्रायकोमोनास म्हणून एक सूक्ष्म जीव आहे, तो कबुतरांच्या घशात वाढतो, आत पिवळट गाठी होतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. दाण्यांपाशी आणि पाण्यापाशी सगळे एकत्र आले की एकाचा दुसऱ्याला लागतो. आणि दुधातून पिल्लाला. त्या गळ्यातल्या दुधातूनच. पिल्लंच जास्त मरतात. म्हणून फीडर धुवावे लागतात, पक्षी पकडून घसा तपासून औषध द्यावं लागतं. आणि हा रोग वागवत फिरणारे कोण, तर बाहेरून आणलेली कबुतरं आणि होले, ज्यांना स्वतःला त्याचं फारसं काही होत नाही. त्यात ठिपक्यांचा होलाही आला. तोच, जो रत्नागिरीला आमच्या आजोळी दुपारभर माडाच्या झावळीवर बसून घुमायचा. कवडा म्हणायची आजी त्याला. त्याच्या आवाजाशिवाय मला सुट्टीतली दुपार आठवतच नाही. तो आवाज मॉरिशसला पहिल्या सकाळी हॉटेलच्या मागे ऐकला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं होतं, आणि आता कळलं की तो तिथे पाहुणा आहे आणि त्याच्यामुळे तिथल्या घरच्या माणसाचं पोर मरतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे यांचं पण छातीचंच दुखणं." घसा आणि छाती यातला फरक मी काढत बसले नाही.

आता हे बेट. इथे ही कबुतरं १९९४ च्या सुमारास आणून सोडली. त्याआधी बेटाची काय दशा होती ते ऐकून विश्वास बसत नाही, कारण आज ते इतकं मूळचं वाटतं. लाकडासाठी झाडं तोडलेली, बकऱ्या सोडलेल्या, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे तोफा बसवल्या त्यांचे काँक्रीटचे ओटे अजून आहेत, उंदीर, मांजरं आणि बाहेरच्या झाडाझुडपांचं रान माजलेलं. १९६५ ला राखीव जाहीर झालं पण नुसतं जाहीर करून काही होत नाही. १९८० च्या दशकापासून माणसांनी हाताने एकेक परकं झुडूप उपटलं, उंदीर संपवले, मूळच्या झाडांची रोपं तिथेच नर्सरीत वाढवून लावली. २००० साली अल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवं आणून सोडली, कारण मॉरिशसची स्वतःची कासवं केव्हाच खाऊन संपवली होती आणि एबनीची फळं खाऊन बिया पसरवणारं कुणी उरलं नव्हतं. आम्हाला वाटेत एक दिसलं, घमेलं उलटं घालावं तसं वाटेतच बसलेलं. त्याच्या शेणातून उगवलेली एबनीची रोपं गाईडने दाखवली, बोटभर उंचीची. एबनी फार सावकाश वाढतं, त्या रोपांचं झाड झालेलं बघायला आज तिथे राबणाऱ्यांतला कुणीच नसणार.

मी लहानपणापासून असं मानत आले की निसर्गाला एकटं सोडा, तो आपलं आपण बघून घेतो, माणसाने हात लावला की बिघडतं. हे मी निबंधातही लिहिलंय आणि मनापासून लिहिलंय. इथे ते कुठेच लागू होईना. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे तिकडचं राष्ट्रीय उद्यान, १९९४ चं, तिथे गेलो तेव्हा तर अजूनच. वरून बघितलं की हिरवंगार, दऱ्या, धबधबे, आपल्या महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून बघावं तसं. पण जवळ गेलं की त्या हिरव्यातलं कितीतरी म्हणजे चिनी पेरू. लहान लाल फळं, तिकडचे लोक मीठ-मिरची लावून आवडीने खातात, आईनेही खाल्ले. तो इतका दाट वाढतो की त्याच्या खाली मूळच्या झाडाचं एकही रोप उठत नाही, वरची म्हातारी झाडं एकेक करून मरतात आणि त्यांच्या जागी कुणी नसतं. त्या जंगलाला एकटं सोडलं तर ते पेरूचं होणार. म्हणून काही तुकड्यांना कुंपण घातलंय, हरणं-डुकरं आत येऊ नयेत म्हणून, आणि आतला पेरू माणसं कापत राहतात. एकदा कापून भागत नाही. तो परत फुटतो, परत कापायचा. कुंपणाच्या आत आणि बाहेर असा फरक दिसतो की आत जमिनीवर उजेड पडलेला, बारीक रोपं उठलेली, आणि बाहेर नुसता काड्यांचा अंधार.

आकडा सांगायचा तर दहावरून आज ही कबुतरं पाचशेच्या जवळपास आहेत, वेगवेगळ्या आठ-नऊ ठिकाणी. धोक्याच्या यादीत २००० साली एक पायरी खाली आली आणि २०१८ ला आणखी एक. बातम्यांत हे वाचलं की वाटतं झालं, वाचलं. पण सगळी त्या मूठभरांची आणि पिंजऱ्यातल्या थोड्यांची लेकरं. रक्त फार जवळचं. अंडी उबत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात. शास्त्रज्ञांनी त्यांचा सगळा जनुकसंच वाचून सांगितलंय की परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत वाढलेल्या पाखरांत जनुकांचे काही वाण असे टिकलेत जे रानात आता राहिले नाहीत, ते परत आणून मिसळले नाहीत तर पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत हे पाखरू रानातून जाऊ शकतं. संख्या वाढली तरी आतून रिकामं होत जाणं म्हणजे काय, हे मला यातून पहिल्यांदा समजलं.

परतीच्या बोटीत गाईडने आईला विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातल्या का, कारण आम्ही आपसात मराठी बोलत होतो. आणि मग म्हणाला, "मी पण मराठी आहे." थांबून थांबून, एकेक शब्द ठेवत. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, ऊसमळ्यात काम करायला नेलेले. १८३४ पासून गिरमिटिया म्हणून लोक जायला लागले त्यात कोकणातलेही खूप होते. घरी तो क्रिओलच, म्हणजे तिकडची रोजची बोली, बोलतो, त्याच्या आजीलाच थोडी मराठी यायची. त्याने शाळेत घेतली. गणपतीत आरत्या पाठ आहेत, तिकडे गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते, आणि झाकरी नाचतात, म्हणजे आपली जाखडीच. आईने त्याला कुठलं गाव विचारलं. गाव त्याला माहीत नव्हतं. आईने त्याच्या हातावर हात ठेवला आणि पुढची पाच मिनिटं ती त्याच्याशी इतकी सावकाश, इतकं स्पष्ट मराठी बोलली की मी तिला तसं बोलताना कधी ऐकलेलं नाही, आणि तो समजेल तेवढ्याला मान हलवत होता आणि आठवेल तेवढं बोलत होता.

किनाऱ्याला लागताना त्याने २०२० ची गोष्ट सांगितली. २५ जुलैला एक मोठं मालवाहू जहाज जवळच्याच प्रवाळावर चढलं, सहा ऑगस्टला त्यातून तेल फुटलं, हजारेक टन, आणि ते थेट या बेटाच्या अंगावर आलं. सगळं गाव उतरलं होतं. उसाचं पाचट कापडात भरून लांब लांब गाद्या शिवल्या आणि समुद्रावर टाकल्या तेल अडवायला. बेटावरचे दुर्मिळ लहान पक्षी आणि नर्सरीतली रोपं बोटीत घालून मुख्य बेटावर नेली. तो स्वतः त्यात होता. कोपरापर्यंत काळा झालो होतो म्हणाला. ज्या उसासाठी जंगल गेलं आणि ज्या उसासाठी याचे पूर्वज तिकडे गेले त्याच्या पाचटाने ते बेट राखायला बघितलं, हे त्याने म्हटलं नाही, हे मला परत येताना विमानात सुचलं आणि मग झोप आली नाही.

पुण्यात परत येऊन आता पाच महिने झाले. जाळी आहे तशीच आहे, ती काढायची नाहीच. पारवे समोरच्या बिल्डिंगच्या एसीच्या डब्यांवर बसतात. आईची तब्येत बरी आहे, मागच्या तपासणीत डॉक्टर समाधानी होते. परवा ओटा आवरताना मागचा तो ज्वारीचा डबा निघाला, किडे झाले होते, टाकून दिली. आई काही बोलली नाही. रात्री दिवा घालवून झाल्यावर, मला वाटलं ती झोपली, तर अंधारातून आवाज आला, "तो हिरवा-पांढऱ्या कडीचा काय करत असेल गं आत्ता?"

मी घड्याळात बघितलं. तिकडे आपल्यापेक्षा दीड तास कमी. म्हटलं, नुकताच अंधार पडला असेल, फांदीवर बसला असेल.

"आणि तो मुलगा सकाळी जाणार," आई म्हणाली.

"हो," म्हटलं, "सकाळी जाणार."